फवारणीचं औषध लागल्यावर हृदयाचं नेमकं काय होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील ५२ वर्षांचे. कपाशीवर प्रोफेनोफॉस आणि सायपरमेथ्रिनच्या मिश्रणाची दिवसभर फवारणी करून संध्याकाळी घरी आले आणि उलट्या, दरदरून घाम, तोंडाला फेस असा त्रास सुरू झाला. सहा दिवस आयसीयूत होते. घरी येऊन तीन आठवडे झाले, पण अजूनही अधूनमधून छातीत धडधड होते. फाइलमध्ये दुसऱ्या दिवशीचा ईसीजी आहे. त्यावर ठोके १३०, क्यूटी ३२०, क्यूटीसी ४७१ आणि पुढे 'प्रोलाँग्ड' असं यंत्रानेच छापलंय. गावातले लोक म्हणतात, विषानं हृदय कमजोर झालं, अँजिओग्राफी करून टाका. मुलाला विचारायचंय की नुकसान कायमचं आहे का, अँजिओग्राफी करावी का आणि बाबा पुन्हा फवारणीला जाऊ शकतात का. शेवटी जाता जाता धान्यात ठेवायच्या गोळ्यांबद्दलही विचारलंय.

मी विदर्भात फिजिशियन आहे, याच कामाला बावीस वर्षं झाली. ऑगस्ट लागला की आमच्या आयसीयूत या विषावरच्या उताऱ्याची, म्हणजे अॅट्रोपिनची, खोकी वेगळी रचून ठेवावी लागतात, तेव्हा हा प्रश्न माझ्या रोजच्या राउंडमधलाच आहे.

तुम्ही विचारताय 'हृदय कमजोर झालं का', पण लोक 'हृदय' म्हणतात तेव्हा तीन गोष्टी एकत्र करतात. एक, हृदयाच्या रक्तवाहिन्या, म्हणजे ज्यांच्यात ब्लॉकेज होतात त्या. दोन, हृदयाचा स्नायू, म्हणजे पंप. तीन, हृदयातली वीज, म्हणजे ठोका कधी पडायचा हे ठरवणारी यंत्रणा. तुमच्या बाबांना लागलेल्या औषधाचा मुख्य हल्ला तिसऱ्या गोष्टीवर असतो. दुसरीवर कधीकधी होतो, पहिलीवर जवळजवळ नाही. अँजिओग्राफी पहिली गोष्ट बघते. मोटर जळली की नाही ते बघायला विहिरीत उतरण्यासारखंच ते.

मी बाबांना तपासलेलं नाही. औषध किती लागलं, दवाखान्यात पोचेपर्यंत किती वेळ गेला, मधे श्वास कमी पडून शरीर निळं पडलं होतं का, आधीपासून शुगर-बीपी-तंबाखू यातलं काय होतं, यावर बरंच अवलंबून आहे. तेव्हा खालचं सगळं समजून घ्यायला वाचा. तपासण्या तुमच्या डॉक्टरांकडूनच करून घ्या.

आता मूळ गोष्ट. प्रोफेनोफॉस हे ऑर्गॅनोफॉस्फेट गटातलं औषध. मोनोक्रोटोफॉस, क्लोरपायरिफॉस, डायमेथोएट ही सगळी त्याची भावंडं. आपल्या नसा एकमेकींना आणि स्नायूंना निरोप देतात तो अॅसिटिलकोलीन नावाच्या रसायनातून. निरोप पोचला की ते रसायन लगेच पुसून टाकायला कोलिनेस्टरेज नावाचं एन्झाइम असतं. हे औषध त्या पुसणाऱ्यालाच बांधून ठेवतं. निरोप पुसलाच जात नाही, तोच तो पुन्हा पुन्हा वाजत राहतो. घामाच्या ग्रंथी घाम गाळत राहतात, तोंडात लाळ, छातीत पाणी, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, दंडाचे-मांडीचे स्नायू कातडीखाली किड्यांसारखे वळवळतात.

हृदयाला मात्र एकाच वेळी दोन उलटे निरोप जातात. व्हेगस नावाची नस ठोके कमी करते, तिच्या टोकाला अॅसिटिलकोलीन साचलं की ठोका मंदावतो, कधी थांबत थांबत चालतो. दुसरीकडे सिंपथेटिक नसांची जी मधली जंक्शनं आहेत, तिथेही निरोप अॅसिटिलकोलीनचाच. तिथे ते साचलं की उलट अॅड्रिनलिन उसळतं, ठोके आणि बीपी वाढतात. एकाच बैलाचा कासरा मागे आवळायचा आणि त्याच वेळी पराणी टोचायची, असं ते चालतं. म्हणून एखाद्या रुग्णाची नाडी ४५ असते आणि शेजारच्या खाटेवरच्याची १२०, दोघांनी एकच औषध मारलेलं असूनही. नाडी जलद आहे म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट नव्हे, असा अर्थ काढून चालत नाही. नव्या डॉक्टरांकडून ही चूक होते. मीही केली आहे.

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीलाच डॉक्टरांनी या हृदयविकाराचे तीन टप्पे वर्णन केले होते. आधी थोडा वेळ अॅड्रिनलिनचा जोर, मग बराच वेळ व्हेगसचा जोर आणि तिसऱ्या टप्प्यात ईसीजीवरचा क्यूटी लांबणं, त्यातून ठोक्यांची धोकादायक गडबड. हे टप्पे पुस्तकासारखे एकामागोमाग येतीलच असं नाही, पण तिसरा टप्पा उशिरा येऊ शकतो ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पहिली रात्र निभावली की नातेवाईक सुटकेचा श्वास सोडतात. आमची तेव्हा अर्धीच वाट झालेली असते.

क्यूटी म्हणजे काय ते सोपं करून सांगतो, कारण तुमच्या फाइलमधला कळीचा आकडा तोच आहे. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या पेशींना पुन्हा चार्ज व्हावं लागतं. ठोका सुरू झाल्यापासून चार्जिंग संपेपर्यंतचा वेळ म्हणजे क्यूटी. तो मिलिसेकंदात मोजतात. हे चार्जिंग लांबलं आणि ते पुरं व्हायच्या आत एखादा चुकार ठोका मधेच पडला, तर हृदयाची वीज भोवऱ्यात सापडते. ईसीजीच्या पट्टीवरच्या लाटा वर-खाली पीळ घातल्यासारख्या दिसू लागतात. देसेर्तेन नावाच्या फ्रेंच डॉक्टरांनी १९६६ साली याला 'तोर्साद द प्वाँत' असं नाव दिलं, म्हणजे टोकांना पडलेला पीळ. दोरीचा पीळ पाहिलेल्या माणसाला ती पट्टी दाखवली की लगेच समजते. हा पीळ काही सेकंदांत आपोआप सुटला तर चक्कर येऊन जाते. सुटला नाही तर हृदय थरथरत राहतं आणि रक्त पुढे जात नाही.

म्हणजे ४७१ हा आकडा घाबरण्यासारखा आहे का? इथे थोडं गणित करू.

हृदय जलद चाललं की क्यूटी आपोआप आखूड होतो. म्हणून ठोक्यांच्या वेगाप्रमाणे तो दुरुस्त करून घेतात, तो क्यूटीसी. बहुतेक यंत्रं बॅझेटचं सूत्र वापरतात, ते १९२० सालचं आहे. त्यात क्यूटीला दोन ठोक्यांमधल्या अंतराच्या वर्गमुळाने भागतात. अडचण अशी की नाडी फार जलद असली की हे सूत्र दुरुस्ती जास्तच करतं आणि आकडा फुगतो. बाबांचे ठोके १३० होते, म्हणजे दोन ठोक्यांत ०.४६ सेकंद. ३२०ला त्याच्या वर्गमुळाने भागलं की ४७१ येतो, यंत्राने छापलाय तोच. आता त्याच १९२० सालचं फ्रिडेरिशियाचं सूत्र लावा, त्यात घनमूळ घेतात. उत्तर येतं ४१४. पुरुषांत ४५० पर्यंत आम्ही निश्चिंत असतो आणि ५०० ओलांडला की कान टवकारतो. एकाच पट्टीवर एका सूत्राने 'प्रोलाँग्ड' आणि दुसऱ्याने साधा. यंत्र खोटं बोललं नाही, पण १३० ठोक्यांच्या रुग्णाला त्याचा आकडा जशास तसा घ्यायचा नसतो.

आणि ठोके १३० का होते? बहुधा आमच्याच कृपेने. या विषावर मुख्य उतारा अॅट्रोपिन. ते व्हेगसचा निरोप अडवतं. छातीतलं पाणी आटेपर्यंत, काखेतला घाम सुकेपर्यंत, बीपी सावरेपर्यंत ते दर पाच मिनिटांनी दुप्पट करत द्यायचं असतं. आपल्याकडे अॅम्प्यूल येते ०.६ मिलिग्रॅमची, त्यामुळे वाईट रुग्णाला पहिल्या तासात कित्येक डझन फोडाव्या लागतात. रात्रपाळीच्या सिस्टरच्या बोटांना काचेचे बारीक काप पडलेले मी कितीदा पाहिलेत. मग ठोके वर जातात आणि बाहेर बसलेले नातेवाईक मॉनिटरकडे बघून म्हणतात, "डॉक्टर, हार्ट फार पळतंय, ते इंजेक्शन बंद करा." ते बंद केलं की छाती पुन्हा पाण्याने भरते. जलद नाडी हे अॅट्रोपिन न देण्याचं कारण होत नाही. आम्ही नाडीपेक्षा स्टेथोस्कोप छातीवर ठेवून ऐकतो.

फाइलमध्ये 'पाम' असंही काही लिहिलेलं दिसेल. ते प्रॅलिडॉक्सिम, बांधलेलं एन्झाइम सोडवणारं औषध. याबद्दल डॉक्टरांमध्येच दोन मतं आहेत. आपल्या बारामतीतल्या डॉक्टरांनी २०० रुग्णांवर केलेला अभ्यास २००६ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्यात पामचा जास्त डोस सलग ठिबकत दिल्याने फायदा दिसला. २००९ साली श्रीलंकेतल्या अभ्यासात मात्र फायदा दिसला नाही. शिवाय प्रोफेनोफॉसचा एन्झाइमशी बसलेला बंध फार लवकर पक्का होतो, तिथे पामचा हात फारसा पोचत नाही. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी ते दिलं असेल किंवा नसेल, त्यावरून त्यांच्यावर राग धरू नका.

आता एक प्रसंग सांगतो, कारण क्यूटीची भीती मला पुस्तकाने नाही, त्या प्रसंगाने शिकवली. पंचेचाळिशीतला एक सालदार होता, आयसीयूतला तिसरा दिवस. छाती कोरडी, बीपी चांगलं. अॅट्रोपिन जरा जास्त झालं होतं, त्यामुळे भ्रम सुरू झाला होता. पलंगावर बसून तो हवेत हात घालत होता. आधी आम्हाला कळेना. मग त्याची बायको म्हणाली, "कापूस वेचतोय तो." खरंच, तीन बोटांनी बोंडातून सरकी-कापूस ओढायचा, मुठीत दाबायचा, कमरेच्या ओट्यात टाकायचा. ओटा नव्हताच, चादरीवर हात आपटत होता. तासभर हे चाललं. सलाईन उपटायला लागला म्हणून ड्यूटीवरच्या कनिष्ठ डॉक्टरने त्याला शांत करायला हॅलोपेरिडॉलचं इंजेक्शन दिलं. त्याआधी सकाळी उलटीसाठी ऑनडॅनसेट्रॉन दिलेलं होतं. ही दोन्ही औषधं क्यूटी लांबवतात. चार दिवस उलट्या होऊन पोटॅशियम आधीच उतरलेलं होतं, ते रिपोर्ट यायचं होतं. वीस मिनिटांनी मॉनिटरवर पीळ दिसला आणि माणूस बाजूला कलंडला. छातीवर विजेचा एक झटका दिला, मग दोन ग्रॅम मॅग्नेशियम शिरेतून गेलं आणि ठोका परत आला. दहा दिवसांनी तो चालत घरी गेला. त्या कनिष्ठाला मी बोललो नाही. त्या वेळी आमच्या वॉर्डात कुठलं औषध कशासोबत द्यायचं नाही याची यादी लावलेली नव्हती, ती लावणं माझं काम होतं. दुसऱ्या दिवशी भिंतीवर लागली. त्यात अॅझिथ्रोमायसिन आणि लिव्होफ्लॉक्सासिन ही अँटिबायोटिक्सही आहेत, कारण तापासाठी ती सहज लिहिली जातात.

तुमच्या कामाची गोष्ट यातून एवढीच. बाबांना सध्या खोकला, ताप, उलटी, झोप अशा कशासाठीही दुसऱ्या डॉक्टरकडे नेलंत, तर डिस्चार्ज कार्ड सोबत न्या आणि 'यांना नुकतीच फवारणीची विषबाधा झाली होती, ईसीजीत क्यूटीचा उल्लेख होता' एवढं वाक्य बोला. नवा ईसीजी साधा निघेपर्यंत हे पाळा.

हृदयाला धोका आणखी एका वाटेने येतो, पण त्यात हृदयाचा दोष नसतो. पहिला जोर ओसरल्यावर, साधारण पहिल्या ते चौथ्या दिवसात, काही रुग्णांच्या मानेचे, खांद्यांचे आणि श्वासाचे स्नायू लुळे पडतात. श्रीलंकेतल्या डॉक्टरांनी १९८७ साली याला 'इंटरमीजिएट सिंड्रोम' असं नाव दिलं. माणूस शुद्धीत असतो, बोलतो, पण श्वास उथळ होत जातो. वेळेत व्हेंटिलेटर मिळाला नाही तर प्राणवायू कमी पडून हृदय थांबतं आणि मग मृत्यूच्या कागदावर 'कार्डियाक अरेस्ट' लिहिलं जातं. म्हणून मी रोज सकाळी राउंडला पहिलं वाक्य म्हणतो, "काका, उशीवरून मान उचला बरं." मान उचलली गेली नाही की त्या रुग्णाची खाट दाराजवळून मॉनिटरजवळ हलते. हे साधं काम ट्रॉपोनिनच्या, म्हणजे हृदयाच्या स्नायूला इजा झाली का ते सांगणाऱ्या रक्ततपासणीच्या, रिपोर्टपेक्षा कितीतरी जास्त उपयोगी पडलंय मला.

स्नायूचं, म्हणजे पंपाचं काय? तीव्र विषबाधेत काहींचा ट्रॉपोनिन वाढतो, काहींच्या ईसीजीत हार्ट अटॅकसारखे बदल दिसतात, इकोत, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, काही दिवस हृदय सुस्त आकुंचन पावताना दिसतं. याची कारणं बहुतेक वेळा मिश्र असतात, म्हणजे अॅड्रिनलिनचा मारा, प्राणवायूची कमतरता, रक्तातलं आम्ल, उतरलेलं पोटॅशियम आणि थोडा विषाचा थेट परिणामही. सीपीके-एमबी नावाची चाचणी वाढलेली दिसली तर लगेच हृदयाकडे बोट दाखवू नका, अंगभर स्नायू वळवळत असतात त्यातूनही ती थोडी वाढते. यातून जे रुग्ण वाचतात त्यांच्यात हे बदल बहुतेक वेळा काही दिवसांत ते काही आठवड्यांत निवळतात. मी ज्यांना महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा इकोला बोलावलं, त्यांपैकी बहुतेकांचा इको इतका साधा होता की त्यांना पुन्हा का बोलावलं असं त्यांच्या चेहऱ्यावर दिसायचं.

एवढ्यावरून 'कायमचं काहीच नाही' असंही मी म्हणणार नाही. तैवानमध्ये राष्ट्रीय आरोग्य विम्याच्या नोंदी वापरून केलेला एक मोठा अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात ऑर्गॅनोफॉस्फेट विषबाधेतून वाचलेल्यांना पुढच्या वर्षांत ठोक्यांची गडबड आणि इतर हृदयरोग इतरांपेक्षा जास्त झाल्याचं आढळलं. अशा अभ्यासातून विषच कारण असं सिद्ध होत नाही, पण अशा माणसाला दर वर्षी एकदा बीपी, शुगर आणि ईसीजी बघून घ्यायला मी सांगतो.

इथपर्यंतचं बाबांना लावून बघू. धडधड तीन आठवड्यांनीही होतेय. अॅट्रोपिनचा अंमल केव्हाच संपलाय, त्याला दोष देता येणार नाही. अशा धडधडीची माझ्या अनुभवातली नेहमीची कारणं म्हणजे आजारपणातला अशक्तपणा, कमी झालेलं हिमोग्लोबिन, कमी पोटॅशियम, झोप उडालेली आणि भीती. आयसीयूत सहा रात्री शेजारच्या मॉनिटरचे आवाज ऐकत काढलेल्या माणसाला स्वतःच्या छातीतला ठोका ऐकू येऊ लागतो. यात नाटक काही नाही, तसं खरंच होतं. पण आधी बाकीचं तपासून मगच भीतीवर यायचं.

म्हणून आता साधा बारा लीडचा ईसीजी काढा, दहा मिनिटं शांत झोपवून. पोटॅशियम, मॅग्नेशियम, हिमोग्लोबिन, शुगर आणि थायरॉइड बघा. एकदा २डी इको करून घ्या. धडधड तरीही राहिली तर २४ तासांचं होल्टर, म्हणजे छातीला लावून ठेवायचं छोटं ईसीजी यंत्र. याने धडधडीच्या वेळी ठोका नेमका कसा होता ते सापडतं. अँजिओग्राफीची गरज या विषबाधेमुळे मला दिसत नाही. बाबांना चालताना छाती आवळून येते, डाव्या हातात कळ जाते, तंबाखू-शुगर आहे, असं काही असेल तर त्याची चौकशी वेगळी करा, ती फवारणी केली नसती तरी करावीच लागली असती. धडधडीसोबत डोळ्यांपुढे अंधारी आली, चक्कर येऊन पडले, झोपल्यावर दम लागू लागला किंवा पायांवर सूज आली, तर मात्र उद्यावर ढकलू नका. १०८ ला फोन करा.

पुन्हा फवारणीला जायचं का? या हंगामात अजिबात नाही. एन्झाइमचं बांधणं पक्कं झालं की ते सुटत नाही, शरीराला नवं तयार करावं लागतं. रक्ताच्या लाल पेशींतलं कोलिनेस्टरेज दिवसाला सुमारे एक टक्का या वेगानेच भरून येतं, कारण नव्या लाल पेशी तयार होतील तेव्हाच ते येतं आणि एका लाल पेशीचं आयुष्य सुमारे १२० दिवसांचं असतं. रक्तद्रवातलं दुसरं एन्झाइम चार-सहा आठवड्यांत भरतं, त्यामुळे लॅबचा रिपोर्ट नॉर्मल आला तरी कोणतं एन्झाइम मोजलंय ते विचारा. बहुतेक ठिकाणी रक्तद्रवातलंच मोजतात. म्हणजे तीन ते चार महिने बाबांची ठेव अर्धी रिकामी आहे. ज्या मात्रेने सालोसाल काही झालं नाही, तेवढीच मात्रा या काळात त्यांना आयसीयूत नेऊ शकते. मी पाहिलेल्या सगळ्यात वाईट रुग्णांपैकी काही असे होते की दिवाळीच्या आत 'थोडंसंच उरलंय' म्हणून पंप पुन्हा पाठीवर घेतला.

पुढच्या वर्षी करायचीच असेल तर एक गोष्ट नीट समजून घ्या. फवारणीत विष मुख्यतः नाकातोंडातून जातं असं सगळ्यांना वाटतं, म्हणून रुमाल बांधतात. पण सगळ्यात जास्त ते कातडीतून जातं आणि कातडी सगळीकडे सारखी नसते. हाताच्या कातडीपेक्षा जांघेतली आणि अंडकोषावरची कातडी कितीतरी पट जास्त शोषते. गळका पंप पाठीवर, औषध पाठीवरून ओघळून चड्डीपर्यंत आणि वरून सप्टेंबरचं उकाड्याचं ऊन. घामाने भिजलेली कातडी आणखी शोषते. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले आणि शेकडो दाखल झाले. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या उंचीच्या पुढे वाढली होती, त्यामुळे मारलेलं औषध डोक्यावर-चेहऱ्यावर परत येत होतं. त्यात दोन-तीन औषधं एकत्र कालवण्याची सवय. तेव्हा पाठीला आणि कमरेला प्लास्टिकचा आडोसा, हातमोजे, वाऱ्याच्या विरुद्ध दिशेने न फवारणं, नोझल तोंडाने न फुंकणं आणि घरी आल्या आल्या जेवायच्या आधी साबणाने आंघोळ करून ते कपडे वेगळे धुणं, हे मास्कपेक्षाही आधी. आणि कुणाला त्रास झालाच तर औषधाचा डबा सोबत घेऊन या. 'निळ्या झाकणाचं होतं' एवढ्यावर आम्हाला अंदाज बांधायला लावू नका.

तुमच्या मिश्रणातलं सायपरमेथ्रिन हे पायरेथ्रॉइड. ते एकटं असतं तर बहुतेक वेळा कातडीची आग, चक्कर, मळमळ यावर भागतं, हृदयापर्यंत क्वचितच जातं. एंडोसल्फान नावाचं जुनं कीटकनाशक मात्र फिटसारखे झटके आणत असे आणि हृदयाला अॅड्रिनलिनसाठी जास्त हळवं करत असे. सुप्रीम कोर्टाने २०११च्या मे महिन्यात त्याच्यावर बंदी घातली, त्यानंतर माझ्याकडे तसे रुग्ण जवळजवळ आलेले नाहीत.

धान्यातल्या गोळ्यांबद्दल तुम्ही शेवटी विचारलंत, पण हृदयाच्या बाबतीत तो प्रश्न पहिला यायला हवा होता. त्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात आणि त्यांची गोष्ट पूर्ण वेगळी आहे. ओलावा लागला की त्यातून फॉस्फीन वायू निघतो. हा वायू पेशींच्या आतल्या शक्तिघरात, म्हणजे मायटोकाँड्रियात, प्राणवायू वापरण्याची शेवटची पायरीच बंद करतो. हृदयाचा स्नायू न थांबता काम करणारा, त्यामुळे पहिला फटका त्यालाच. इथे वीज बिघडते ती नंतर, आधी पंपच ढिला पडतो. बीपी उतरतं आणि सलाईन, औषधं यांना दाद देत नाही. यावर उतारा नाही. तरी जे पहिले काही दिवस काढतात, त्यांचं हृदय एक-दोन आठवड्यांत आश्चर्य वाटावं इतकं सावरतं. म्हणून मोठ्या केंद्रांत तेवढे दिवस यंत्रावर रक्ताभिसरण चालू ठेवण्याचे प्रयत्न होतात.

तुमच्या घरापुरतं सांगायचं तर त्या गोळ्या ज्या खोलीत माणसं झोपतात तिथल्या कणगीत किंवा पोत्यात ठेवू नका. हा वायू दिसत नाही. लसणीसारखा किंवा सडक्या मासळीसारखा वास कधी येतो, कधी नाही. पावसाळ्यात बंद खोलीत रात्रभर झोपून सकाळी सगळं कुटुंब उलट्या करत दवाखान्यात येतं. उरलेल्या गोळ्या घरात बाळगूच नका, आणि फवारणीचं औषध कुलपात ठेवा, चावी एकाच माणसाकडे. घरात कुणी खचलेलं दिसत असेल तर हे आजच करा. टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

बाबांचा नवा ईसीजी निघाला की यंत्राने छापलेला क्यूटीसी बाजूला ठेवा आणि फक्त क्यूटी व ठोके हे दोन आकडे मला कळवा, फ्रिडेरिशियाचं गणित मी करून देतो.